श्रीवर्धनची पोफळ आणि तिची सावली

मांडव्यापासून दक्षिणेस हरिहरेश्वरापर्यंत समुद्राच्या कडेने वाळूमिश्रित जमिनीचा जो अरुंद पट्टा पसरला आहे, त्यातील आवास, सासवणे, किहीम, थळ, नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन ही गावे समुद्रातून पाहणाऱ्यास गावे म्हणून दिसतच नाहीत. दिसते ती माडांची उंच दाटी, आणि होडी किनाऱ्याला लागून मनुष्य वाडीत शिरला की त्या दाटीच्या पोटात मनगटापेक्षा थोड्या जाड अशा सरळ, वळ्यावळ्यांच्या खोडांनी उभी असलेली पोफळ. माडाचे कौतुक कवींनी केले, प्रवाशांनी केले, आणि हल्ली छायाचित्रकारही तेच करीत असतात. पोफळीच्या वाट्याला ते फारसे आले नाही. परंतु या किनाऱ्यावरच्या बागायतदारास विचारले, तर नारळ घरच्या स्वयंपाकाला व पाहुण्याला, आणि सुपारी मात्र मुलीच्या लग्नाला व कोर्टाच्या तारखेला, अशी त्याच्या जमाखर्चाची वाटणी त्याच्या बोलण्यातून सहज कळून येते.

हे झाड येथे नेमके केव्हा आले हे धुंडाळण्यात अर्थ नाही. त्याचे मूळ घर मलाया-फिलिपाईन्सकडील बेटांत असावे असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात, आणि चरकसंहितेत मुखशुद्धीसाठी तोंडात धरावयाच्या द्रव्यांत पूगफलाची गणना आहे, यावरून आपल्या देशाशी त्याचा परिचय किती जुना आहे याची कल्पना येते. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी हा अरब प्रवासी चौल बंदरी येऊन गेला, आणि हिंदुस्थानातील लोकांच्या तांबूलसेवनाचे वर्णन त्याने आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले. पुढे १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने सुपारीस एक स्वतंत्र प्रकरण दिले. मुरूड, म्हसळे व श्रीवर्धन हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली होता, आणि पेशवाईचा पाया घालणाऱ्या बाळाजी विश्वनाथ भटांच्या घराण्याकडे याच श्रीवर्धनची देशमुखी होती. राज्ये बदलली, कुलाबा जिल्ह्याचे १९८१ साली रायगड असे नामांतर झाले, पण बाजारातील नाव बदलले नाही: मंगळूरच्या पेठेत आजही वाळवलेल्या पांढऱ्या सुपारीची जी प्रतवारी करतात, तीत मोटी, जामनगर, जीनी यांच्या जोडीने एका प्रतीला ‘सेवर्धन’ म्हणतात, आणि ते दुसरे-तिसरे काही नसून आपले श्रीवर्धनच होय. सुपारीच्या उत्पन्नात देशात कर्नाटक कितीतरी पुढे आहे आणि महाराष्ट्राचा वाटा अगदी लहान आहे. तरीही त्या कर्नाटकातल्या व्यापाऱ्याने आपल्या मालाच्या एका प्रतीस कोकणातल्या एका गावाचे नाव द्यावे, ही गोष्ट गावकऱ्यांनी अभिमानाने सांगावी अशी आहे, आणि ती ते सांगत नाहीत.

आता झाडाकडे वळू. पोफळ हे ताडमाडांच्या कुळातले झाड आहे, आणि त्या कुळाचे सारे सामर्थ्य व सारी अडचण तिच्यात एकवटली आहे. तिला फांद्या नाहीत, सोटमूळ नाही. पन्नास-साठ फूट उंचीच्या त्या सडपातळ खोडाच्या शेंड्यास वाढीचा कोंब एकच असतो, आणि तो मोडला, कुजला अथवा किडीने खाल्ला की आंब्याप्रमाणे बाजूने नवा फुटवा येऊन झाड पुन्हा सावरेल ही आशा व्यर्थ असते. तिची मुळे तंतुमय असून जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच बहुतांशी पसरतात, म्हणून ओलावा तिला सतत हवा असतो. पण पाणी तुंबलेले मात्र तिला खपत नाही. आणखी एक खोड अशी की तिच्या खोडास ऊन सोसत नाही. तरुणपणी तर नाहीच, पण वयात आल्यावरही नैर्ऋत्येकडून येणारे दुपारचे ऊन खोडावर सरळ पडू लागले म्हणजे साल करपते, तेथे चीर पडते, आणि पुढे एखाद्या वाऱ्यात झाड नेमके त्याच जागी मोडते. म्हणून वाडीच्या दक्षिण व पश्चिम अंगास उंच झाडे हवीत, आणि रोपांच्या रांगा आखताना उत्तर-दक्षिण रेषा पश्चिमेकडे ३५ अंश कलती धरावी, म्हणजे एका झाडाची सावली दुसऱ्याच्या खोडावर पडते, असे शास्त्रज्ञ सांगतात. आमच्या आगरांतील जुन्या माणसांनी अंश मोजले नव्हते. त्यांनी कडेने माड लावले, मधे केळी, आंबा-फणस राखले, आणि त्यांच्या आडोशाने पोफळी वाढविल्या. पोफळ एकटी जगत नाही, ती वाडीत जगते, हे ज्याच्या ध्यानी आले त्याला या पिकाचे निम्मे शास्त्र आले असे समजावे.

रोपाची निवड ही बाकीच्या निम्म्यातली महत्त्वाची बाब आहे, कारण एकदा लावलेले झाड दोन पिढ्या उभे राहते आणि चूक झाली असेल तर ती सहा-सात वर्षांनी, फळे येण्याच्या वेळेस कळते. लवकर फळावर आलेली, दरसाल नेमाने व भरपूर धरणारी, वयाने पोक्त अशी मातृझाडे हेरून ठेवावी. त्यांवरील पूर्ण पिकलेले, नारिंगी-पिवळ्या सालीचे जड फळ घ्यावे. आणि मग ती फळे पाण्याने भरलेल्या घंगाळात टाकावी. या परीक्षेत बघण्यासारखी मौज असते. काही फळे आडवी तरंगतात, काही तिरपी, काही बुडतात. पण काही अशी निघतात की देठाकडचा भाग वर करून ती पाण्यात अगदी सरळ उभी राहतात. तीच बियाण्यास घ्यावी, कारण त्यांपासून होणारी रोपे जोमदार निघतात असा अनुभव आहे व प्रयोगांनीही त्यास दुजोरा दिला आहे. फळ सोलावयाचे नाही. सालासकट, देठ वर राहील असे वाळूत अथवा भुसभुशीत मातीत सावलीला पेरावयाचे. दीड महिन्यात पहिले कोंब दिसू लागतात, तीन महिन्यांत बहुतेक उगवून येतात; मग दुसऱ्या वाफ्यात फूटभर अंतराने हलवून वर्ष-दीड वर्ष वाढू द्यावी, आणि पुढे लावणीला निवडताना उंच व लवलवीत रोप न घेता पाचांहून अधिक पाने असलेले, आखूड, जाड बुंध्याचे रोप घ्यावे. बाजारात मात्र ग्राहक उंच रोपावर भुलतो, आणि रोपवाटिकावालाही त्याला त्या मोहातून सोडविण्याची घाई करीत नाही.

लावणी पावणेतीन मीटर अंतराने, दोन फूट लांब, तितक्याच रुंद व खोल खड्ड्यात, शेणखत व चांगली माती भरून करतात. श्रीवर्धनास कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र असून तेथून ‘श्रीवर्धनी’ ही जात निवड करून बागायतदारांस देण्यात आली आहे. विट्टल येथील केंद्रीय संस्थेने पुढे आणलेली ‘मंगला’ ही मध्यम उंचीची व लवकर फळणारी जातही कित्येकांनी लावली आहे. पण जात कोणतीही असली तरी नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत पाण्याची बेगमी असल्याशिवाय पोफळीच्या नादी लागू नये. या किनाऱ्यावर पाणी दहा-पंधरा फुटांवर लागते, वाळूतून मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहिलेले असते, आणि त्या पातळ थरावरच सारी आगरे शिंपली जातात. पूर्वी रहाटाला रेडा जुंपून लोट्यालोट्याने जे पाणी पाटात पडे व पाटातून आळ्याआळ्यांत जाई, ते मोजके असे; विहीर उपसली जाई तितकीच ती भरूनही येई. यांत्रिक पंप आले आणि रहाटाची कुरकुर थांबली, श्रमही वाचले, यात संशय नाही. पण तासाभरात विहीर खरवडून काढण्याची सोय झाल्याने कित्येक विहिरींत खालचे खारे पाणी वर सरकले, आणि खाऱ्या पाण्यावर पोफळ फार काळ तग धरीत नाही. ठिबकाच्या नळ्या अंथरणे हा यावरील उपाय वाड्यांतून हळूहळू रूढ होत आहे, आणि तो रहाटाच्या मोजक्या पाण्याचाच नव्या रीतीने केलेला अंगीकार आहे.

पाणी कमी पडले तर झाड उपाशी राहते, आणि पाणी साचले तर त्याला ‘बांड’ लागतो. हा रोग या भागात सर्वांच्या तोंडी आहे. शेंड्याची पाने आखूड, चुरमडलेली व गर्द हिरवी होऊन झुपक्यासारखी राहतात, पेरी जवळजवळ येतात, फळधारणा थांबते, आणि झाड मरतही नाही व देतही नाही. याला कोणी बुरशी म्हणाले, कोणी कीड. पुढे तपासाअंती असे दिसून आले की निचरा न होणारी कठीण जमीन व मुळांची झालेली कोंडी हेच त्याचे मुख्य कारण आहे. तेव्हा औषधाच्या बाटलीपेक्षा पावसाळ्यापूर्वी दोन ओळींत खणलेला चर अधिक गुणकारी ठरतो. पावसाळ्यातील दुसरा शत्रू म्हणजे कोळेरोग. फायटोप्थोरा या सूक्ष्म बुरशीमुळे कोवळी फळे काळवंडून, ओली होऊन गळू लागतात, आणि आषाढात एकदा का ती गळ सुरू झाली की आठ दिवसांत झाडाखाली सडा पडतो. त्यावर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व शंभर लिटर पाणी यांचे बोर्डो मिश्रण, फ्रान्समधल्या द्राक्षबागांसाठी १८८५ च्या सुमारास निघालेले, आजही सर्वांत भरवशाचे आहे. मात्र ते मृगाच्या आधी एकदा व नंतर सुमारे दीड महिन्याने पुन्हा असे घडावर प्रत्यक्ष पोचले पाहिजे. पोचविणारा माणूस मिळणे हीच खरी अडचण असते.

त्या माणसाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, अशा जामानिम्याने पोफळीवर चढलेला गडी एका झाडाचे काम संपले म्हणजे खाली उतरत नाही. शेंड्याजवळ राहून अंगाला झोके देत देत तो ते लवचीक खोड वाकवितो, शेजारच्या झाडाचा शेंडा हाताशी आला की त्यावर पलटी घेतो, आणि सुटलेले झाड सपकन सरळ होऊन मागे जाते. वाडीतील झाडे एकमेकांजवळ का लावली याचे आणखी एक उत्तर येथे मिळते. ही विद्या शिकविणारी शाळा नाही, जुने गडी थकले, नव्या पोरांना मुंबईची नोकरी बरी वाटते, आणि ती तशी वाटण्यात त्यांचा काही दोष आहे असे मला म्हणवत नाही. चाळीस फुटांवरून पडलेल्या माणसाची तजवीज कोणत्या खात्याने करावयाची, हे अजून कोणाला सांगता आलेले नाही.

आता फळाकडे येऊ. पोयीतून, म्हणजे वेष्टनातून, बाहेर पडलेल्या फुलोऱ्यात वरच्या टोकांना असंख्य नरफुले व तळाशी मोजकी मादीफुले असतात. नरफुले आधी उमलून गळून जातात, वाऱ्यावर परागवहन होते, आणि तेथून फळ पिकेपर्यंत सुमारे आठ ते दहा महिने जातात. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत वाड्यांतून काढणी चालते. सालासकट सुपारीस बेडे म्हणतात. हे बेडे अंगणात, ओटीवर, गच्चीवर, जेथे मिळेल तेथे पसरून, वरखाली करीत चाळीस-पंचेचाळीस दिवस उन्हात वाळविले जातात, आणि आतली सुपारी खुळखुळ वाजू लागली की बायाबापड्या ओळीने बसून ते सोलतात. कोवळी फळे उकळून केलेली चिकणी सुपारी हा प्रकार वेगळा. रायगडच्या किनाऱ्याची ख्याती आहे ती पांढऱ्या, टपोऱ्या रोठ्याविषयी.

रोठा म्हणजे काय हे समजून घ्यावयाचे तर अडकित्त्यात एक सुपारी धरून तिचे मधोमध दोन भाग करावे. आतील छेदावर पांढऱ्या गरातून तपकिरी रेषा नागमोडी फिरलेल्या दिसतात; संगमरवरावरची जशी नक्षी असते तशी ती दिसते. बीचे बाहेरचे आवरण वाढताना घड्याघड्यांनी गरात शिरते, त्याच्या त्या खुणा होत. तुरटपणा मुख्यतः त्या तपकिरी भागात साठलेला असतो, म्हणून ज्या सुपारीत तो कमी व पांढरा गर अधिक, ती अडकित्त्याखाली मऊ कातरली जाते व जिभेला सौम्य लागते. श्रीवर्धनच्या रोठ्यास व्यापारी जो चढा भाव देतात तो या पांढरेपणाचा. सुपारीतला अर्क ॲरेकोलिन नावाचा क्षारधर्मी पदार्थ असून चुन्याशी संयोग होताच त्याचे रूपांतर होऊ लागते, आणि विड्याने येणारी ती किंचित ऊब व हुशारी त्याचीच होय. कुत्र्यांच्या पोटातील चपटे कृमी पाडण्यास पशुवैद्य हेच द्रव्य वापरीत असत.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण वाडीच्या प्रेमापोटी ती झाकून ठेवण्याची चाल पडली आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अहवालात, तंबाखू नसलेली नुसती सुपारीदेखील मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातली. आणि सुपारी दिवसभर गालात धरणाऱ्याचे तोंड हळूहळू आखडत जाऊन शेवटी त्यात दोन बोटेही शिरत नाहीत, हा विकार आपल्या दंतवैद्यांना नित्याचा झाला आहे. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. जेवणानंतर कधीकाळी खाल्लेला विडा आणि दर तासाला फाडलेली पुडी यांत अंतर आहे हे खरे, पण ते अंतर सवयीने किती लवकर मिटते हेही सर्वांस ठाऊक आहे. सुपारी चघळू नये, असेच माझे मत आहे. आणि पोफळ लावू नये, असे मात्र नाही.

कारण आपल्या घरांत सुपारीचा मोठा वाटा तोंडात जातच नाही. तांदळाच्या राशीवर मांडलेला गणपती सुपारीचा असतो, त्याच्या शेजारचे नवग्रह सुपारीचे असतात. पत्नी जवळ नसताना यजमानास धर्मकृत्य करावयाचे झाले तर तो कमरेला सुपारी लावून बसतो, आणि शास्त्र ते मान्य करते. लग्न जमले म्हणजे सुपारी फुटते. गोंधळ्याला, वाजंत्र्याला बोलावणे जाते ते सुपारी देऊन, आणि ती घेतली म्हणजे दस्तऐवजाशिवाय करार पक्का होतो. मुंबईच्या गुन्हेगारी टोळ्यांनी हीच वहिवाट उचलून तिला जो भलता अर्थ आणला, त्याचे प्रायश्चित्त बिचाऱ्या पोफळीने का घ्यावे? ज्या गावात १९९७ साली नारळ-पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ साली तो दरोड्यात गेला, आणि २०२१ साली हस्तगत केलेल्या सोन्यातून पुन्हा प्रतिष्ठापित झाला, त्या दिवेआगरातही घरोघरच्या पूजेतला गणपती सुपारीचाच आहे. झाडाचे इतर अवयवही असेच कामास येतात. खोड मांडवाला, कुंपणाला व पन्हळीला; झावळी सरपणाला व आच्छादनाला; आणि पानाच्या बुडाशी खोडाला वेढून असलेली विरी पूर्वी पोरांना बसवून अंगणभर ओढण्यास उपयोगी पडे, ती आता यंत्रात दाबून तिच्या ताटल्या व वाट्या करतात. खोडावर मिरीचा वेल चढतो, सावलीत जायफळ, वेलदोडा व अननस येतो. मसाल्याच्या या जोडपिकांवर कित्येक वाड्यांचा खर्च निघतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढले. ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटरच्या त्या वाऱ्याने दुपारच्या काही तासांत जे केले ते वाडीच्या दृष्टीने पिकाचे नुकसान नव्हते, वाडीचीच समाप्ती होती. माड उन्मळले व ते पोफळींवर कोसळले. ज्या पोफळी उभ्या राहिल्या त्यांतील कित्येकींचे शेंडे पिळवटले होते, म्हणजे त्याही हिशेबातून गेल्याच. पंचनामे झाले. प्रथम मदत क्षेत्राच्या हिशेबाने ठरली, पण मिश्र वाडीत कोणत्या पिकाचे क्षेत्र किती हा हिशेब तलाठ्यालाही बसेना. पुढे झाडांची गणती करून नारळाच्या झाडास २५० रुपये व सुपारीच्या झाडास ५० रुपये असा दर सरकारने मान्य केला. पावणेतीन मीटर अंतराने एका गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी बसतात; तो गुंठा सबंध आडवा झाला तर जास्तीत जास्त सातशे रुपये. रोप लावल्यापासून पहिला घड दिसेपर्यंत सहा-सात वर्षे जातात, हे दर ठरविणाऱ्यास कोणी सांगितले नसावे, किंवा सांगूनही ते कागदावर मांडण्याची रीत सरकारी दप्तरात नसावी.

पण पैशाहूनही मोठी हानी सावलीची झाली. उघड्या पडलेल्या वाडीत उत्साहाने नवी रोपे लावली, तर आडोसा नसल्याने ती मार्च-एप्रिलच्या उन्हात करपतात, आणि रोपच वाईट होते अशी समजूत करून घेऊन माणूस पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच रोपे आणतो. पडलेल्या वाडीचे मालक हा मजकूर वाचतील तर त्यांना एवढेच सांगणे आहे: पहिल्या वर्षी पोफळ लावू नका. दक्षिण व पश्चिम बाजूंना माड लावा, दोन आळ्यांच्या मधे केळी लावा, पावसाचे पाणी काढून देणारे चर खणा, आणि त्याच सुमारास आपल्या अथवा शेजाऱ्याच्या वाचलेल्या जुन्या झाडाची पिकली फळे पाण्यात उभी राहतात का ते पाहून वाफ्यात पेरा. वर्ष-दीड वर्षाने केळीची सावली तयार असेल आणि रोपही तयार असेल. तेव्हा लावा, आणि पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून झावळ्यांचे झाप बांधावयास विसरू नका.